खळाळत्या पाण्यावरील सफरीची पूर्वतयारी

सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरील नद्यांचे आयुष्य मोठे विलक्षण आहे. आषाढ-श्रावणात ज्या नद्या दोन्ही काठ पोटात घेऊन तांबड्या गढूळ पाण्याचे लोंढे समुद्राकडे लोटीत असतात, त्याच नद्या माघ-फाल्गुनात इतक्या रोडावतात की, गुरे खुरे न भिजवता पात्र ओलांडतात आणि डोहात उरलेल्या हातभर पाण्यावर सगळ्या गावाची धुणी चालतात. या सार्वत्रिक नियमाला रायगड जिल्ह्यातील कुंडलिका हा एक ठळक अपवाद आहे. ऐन वैशाखात, शेजारच्या ओढ्यांत टिपूसही उरलेले नसताना, कोलाडच्या वर साजे गावापासून कामतपर्यंतच्या सुमारे १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही नदी सकाळच्या प्रहरी फेसाळत, खडकांवर आदळत, वळणावळणाला खळाळ निर्माण करीत वाहत असते. आणि मुंबई-पुण्याकडील हौशी मंडळी राफ्ट व कयाक घेऊन तिच्या काठी जमतात ती यामुळेच.

या चमत्काराचे मूळ घाटमाथ्यावर आहे. मुळा नदी आपल्या स्वाभाविक क्रमाने पुण्याकडे, तेथून भीमा-कृष्णेच्या वाटेने बंगालच्या उपसागराकडे जावयाची. परंतु मुळशी येथे ती अडवून तिचे पाणी नळांवाटे सुमारे ५०० मीटर खाली, कोकणातील भिरा येथील विद्युत्गृहावर सोडण्यात येते. १९२१ ते १९२४ या काळात सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळातील शेतकऱ्यांनी ज्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला ते हेच धरण, आणि १९२७ साली सुरू झालेले भिऱ्याचे विद्युत्गृह ही त्याची निष्पत्ती. वीज निर्माण करून मोकळे झालेले पाणी कुंडलिकेच्या पात्रात उतरते.

ही हकीकत येथे केवळ इतिहासाच्या हौसेने दिलेली नाही. ज्याला या नदीवर वल्हे मारावयाचे आहे त्याने हे पुरते ध्यानी धरावे की, आपली नाव ज्या पाण्यावर तरंगणार त्या पाण्याचे येणे-जाणे विजेच्या मागणीवर आणि तदनुसार सुटणाऱ्या हुकुमावर अवलंबून आहे. बहुधा सकाळी काही तास पाणी सुटते. ते बंद झाले म्हणजे पात्रातले गोटे उघडे पडतात. आणि दुरुस्तीच्या वा अन्य कारणाने एखाद्या दिवशी ते मुळीच सुटत नाही. म्हणून सफरीची आखणी करताना शिरस्ता असा असावा की, पाणी आधी, माणसे मग आणि सामान सर्वांत शेवटी. आपल्याकडे हा क्रम नेमका उलटा दिसतो. प्रथम रंगीत जॅकेटांची खरेदी होते, मग मित्रमंडळ जमते, आणि नदीत पाणी आहे की नाही याची चौकशी गाडी पनवेल ओलांडून गेल्यावर सुरू होते.

ज्यांनी वाटाड्याच्या भरवशावर एक-दोन वेळा राफ्टमधून खळाळ उतरलेले आहेत आणि आता चार-सहा स्नेह्यांना घेऊन स्वतःच्या जबाबदारीवर मध्यम कठीण नदीवर जाण्याचा ज्यांचा मानस आहे, त्यांना उद्देशून पुढील मजकूर लिहिला आहे. ज्यांनी वल्हे कधी हातीच धरलेले नाही त्यांनी आधी एखाद्या अनुभवी पथकाबरोबर जाऊन यावे. पुस्तकी ज्ञानाचा पाण्यावर उपयोग होतो, पण तो ज्याचे अंग एकदा भिजले आहे त्यालाच होतो.

नद्यांची काठिण्यानुसार १ ते ६ अशा अंकांनी प्रतवारी करण्याचा आंतरराष्ट्रीय रिवाज आहे. पहिल्या प्रतीचे पाणी म्हणजे किंचित तरंग असलेला सरळ प्रवाह. दुसऱ्या प्रतीत लाटा असतात, पण वाट रुंद व दुरून दिसणारी असते. तिसऱ्या प्रतीत लाटा अनियमित होतात, खडकांमधून नाव नेमकी वळवावी लागते आणि उघडी नाव पाण्याने भरून जाऊ शकते. चौथ्या प्रतीपासून पुढे चूक महाग पडते, आणि सहावी प्रत ही बहुतेकांनी काठावर उभे राहून पाहण्याची वस्तू आहे. नेहमीच्या विसर्गात कुंडलिकेची गणना दुसऱ्या-तिसऱ्या प्रतीत होते. परंतु हा अंक म्हणजे नदीला एकदा दिलेली आणि कायम टिकणारी सनद आहे, अशी जी समजूत आढळते ती फार घातक आहे. प्रत असते ती त्या दिवशीच्या पाण्याची. तोच खळाळ कमी पाण्यात दगडांच्या चक्रव्यूहासारखा अवघड होतो, मध्यम पाण्यात सुखाने उतरता येतो आणि पाणी वाढले की एक तर अजिबात बुडून नाहीसा होतो किंवा दुप्पट उग्र रूप धारण करतो. यांपैकी काय होईल हे त्या जागेच्या तळावर अवलंबून असल्यामुळे केवळ तर्काने सांगता येत नाही.

पावसाळ्यात खडकवासल्यातून इतके हजार क्युसेक पाणी सोडल्याच्या बातम्या आपण वाचतो, पण त्या आकड्याचा अंदाज फार थोड्यांना असतो. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी; १,००० क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ घनमीटर, म्हणजेच आपल्यासमोरून प्रत्येक सेकंदाला सुमारे २८ टन वजन सरकत जाते. शिवाय प्रवाहाचा वेग दुप्पट झाला तर त्याचा रेटा चौपट होतो. कमरेएवढ्या संथ पाण्यात जो गृहस्थ निर्धास्तपणे उभा राहतो, त्याला गुडघ्यापेक्षा थोडे वर असलेले वेगवान पाणी सहज खाली पाडते, ते याच कारणाने.

काठावर पोहोचल्यावर पाणी चढते आहे की उतरते आहे हे ओळखण्याचा एक साधा उपाय आहे. पाण्याच्या कडेला, जेथे लाट नेमकी संपते तेथे, एक लहान दगड ठेवावा आणि पंधरा-वीस मिनिटे दुसरी कामे करावीत. परत येऊन पाहावे तो दगड भिजून पाण्यात गेलेला असेल तर नदी चढते आहे. दगडाच्या पुढे ओल्या वाळूची पट्टी उघडी पडली असेल तर ती उतरते आहे. पाण्याला एकाएकी गढूळपणा येणे, आणि मुख्य धारेत काटक्या, पालापाचोळा, सुकलेले गवत तरंगत येऊ लागणे ही चढत्या पाण्याची आणखी दोन लक्षणे. विद्युत्गृहाखालील नदीवर नेमलेल्या वेळी पाणी चढणे हे अपेक्षितच असते. पण ज्या चढीचे कारण आपणास सांगता येत नाही, त्या चढीत नाव लोटू नये.

धरणाखालील नदीच्या बाबतीत ही सावधगिरी किती प्राणांतिक महत्त्वाची आहे याचा दाखला दूर शोधावा लागत नाही. ८ जून २०१४ रोजी हिमाचल प्रदेशातील मंडी जिल्ह्यात बियास नदीच्या पात्रात छायाचित्रे काढण्यासाठी उतरलेले, हैदराबादेहून आलेले २४ अभियांत्रिकीचे विद्यार्थी लारजी जलविद्युत प्रकल्पातून सोडलेल्या पाण्यात वाहून गेले. त्यांच्यापैकी कोणी वल्हवायला गेलेले नव्हते. पात्र शांत दिसत होते एवढ्यावरच त्यांनी विश्वास टाकला होता. तेव्हा पाणी कोण सोडतो, कोणत्या वेळी सोडतो, सोडण्यापूर्वी भोंगा होतो काय आणि तो आपल्या जागेवर ऐकू येतो काय, ही चौकशी आदल्या दिवशी करून तिची नोंद कागदावर असावी. ऐकीव माहितीवर नव्हे.

मग कार्यक्रमाचे तास पाणी बंद होण्याच्या वेळेपासून मागे मोजीत यावे. १२ किलोमीटरचा पट्टा बहुधा दोन-अडीच तासांत संपतो. परंतु त्यात खळाळ उतरून पाहण्याचा, उलटलेली नाव सरळ करण्याचा आणि एखाद्याचा धीर सुटल्यास त्याला शांत करण्याचा वेळ धरलेला नसतो. म्हणून या हिशेबात निदान एक तासाची सूट ठेवावी. वरून सोडलेले पाणी खाली पोहोचावयास जसा वेळ लागतो, तसाच वर बंद झालेल्या पाण्याची ओहोटीही मागाहून खाली येत असते. जी मंडळी वाळूवर फराळाला बसून गप्पांत रंगतात त्यांना ती मधेच गाठते आणि उरलेला प्रवास नाव खांद्यावर घेऊन करावा लागतो.

हंगामाविषयी थोडक्यात सांगता येईल. कुंडलिकेवर कोरड्या महिन्यांतही जाता येते. पावसाळ्यात मात्र ओढ्यांचे पाणी तिच्यात मिसळून तिची प्रत बदलते, आणि त्या काळात स्थानिक वाटाड्यावाचून जाणे अविचाराचे होय. गोव्यातील सत्तरी तालुक्यात म्हादईचा खळाळ केवळ पावसाळ्यापुरता, साधारण जून ते सप्टेंबर, असतो. दांडेलीकडील काळी नदी सुपा धरणाच्या विसर्गावर चालते, म्हणून तेथेही भिऱ्याचाच न्याय लागू. ऋषिकेशजवळील गंगेवर जुलै-ऑगस्टमध्ये राफ्टिंग बंद असते. सप्टेंबरअखेरीपासून ते सुरू होते आणि शिवपुरीहून ऋषिकेशपर्यंतचा सुमारे १६ किलोमीटरचा टप्पा मध्यम कठीण पाण्याची सवय करावयास उत्तम आहे. तेथील पाणी बर्फाचे असल्यामुळे त्यात पडलेल्या माणसाच्या हातापायांतील बळ झपाट्याने ओसरते. कोकणातला सुती सदरा तेथे चालत नाही.

आता माणसांविषयी. पथक किती बळकट आहे हे त्यातील सर्वांत दुबळ्या सभासदावरून ठरवावे. आपल्या मंडळींत एक पट्टीचा पोहणारा असला की सगळे निर्धास्त होतात. परंतु विहिरीत किंवा तरणतलावात पोहणे आणि फेसाळ पाण्यात तरंगत राहणे ही दोन निराळी कौशल्ये आहेत, कारण फेसात हवा मिसळलेली असल्याने तो माणसाला पुरता उचलून धरीत नाही आणि हात मारावा तर हाताला पकड मिळत नाही. कयाक घेऊन जाणारांनी तिघांपेक्षा कमी संख्येने नदीत उतरू नये: एक संकटात सापडला तर दुसरा त्याच्यापाशी राहतो आणि तिसरा मदत आणावयास मोकळा असतो. राफ्टबरोबर निदान एक बचावाची कयाक, अथवा दुसरी राफ्ट, अवश्य असावी. चौदा वर्षांखालील मुलांना तिसऱ्या प्रतीच्या पाण्यावर नेऊ नये. हृदयविकार, फेफरे, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, गर्भावस्था यांपैकी काही असेल तर ते पुढाऱ्याला आधी सांगितले पाहिजे, आणि ते सांगण्याचा संकोच वाटणार नाही अशा रीतीने पुढाऱ्याने ते प्रत्येकास एकांतात विचारले पाहिजे. रात्रीच्या मुक्कामात मद्यपान झाले असेल तर सकाळी तो इसम काठावरच राहील, हा नियम निघण्यापूर्वीच सर्वांना कळवावा. पहाटे तो सांगू गेल्यास भांडण होते.

पुढारी कोण हे घरीच ठरले पाहिजे, आणि एकदा ठरल्यावर नदीवर त्याचा शब्द अखेरचा. लोकशाही ही मोठी थोर गोष्ट आहे, परंतु खळाळाच्या तोंडाशी मतदान घेता येत नाही. मात्र या अखत्यारालाही एक मर्यादा आहे: पुढाऱ्याने ‘जाऊ नये’ म्हटले तर कोणी जाऊ नये, पण त्याने ‘जावे’ म्हटले तरी ज्याला जावयाचे नाही त्याला काठाने चालत पुढे जाण्याची पूर्ण मुभा असावी आणि त्याबद्दल त्याची चेष्टा होता कामा नये. १९७७ साली सर एडमंड हिलरी जेटबोटी घेऊन समुद्रापासून गंगेच्या मूळ प्रवाहाकडे निघाले, तेव्हा नंदप्रयागजवळच्या धबधब्याने त्यांची वाट अडविली. एव्हरेस्ट चढून आलेल्या त्या पुरुषाने तेथे नावा सोडल्या आणि पुढचा प्रवास पायी केला. आपल्या मंडळींना त्याहून अधिक अभिमान बाळगण्याचे कारण नाही.

आदल्या दिवशी सायंकाळपर्यंत काठी पोहोचून नदी पायी पाहून यावी, हा माझा विशेष आग्रह आहे. जेथे रस्ता नदीला भिडतो, जेथे साकव अथवा फरशी पूल आहे, जेथे गावाचा पाणवठा आहे, अशा जागा नकाशावर टिपून तेथवर प्रत्यक्ष जावे. संकटसमयी नदीतून बाहेर पडावयाच्या वाटा याच असतात, आणि ज्या मधल्या भागात अशी एकही वाट नाही तो भाग कोणता हे ठाऊक असणे त्याहूनही अगत्याचे. पाणवठ्यावर धुणे धूत असलेल्या बाईला, “मावशी, सकाळी पाणी कुठवर चढतं?” एवढे विचारावे. ती ज्या दगडाकडे बोट दाखवील तो कोणत्याही माहितीपत्रकापेक्षा विश्वसनीय असतो, कारण त्या दगडावर तिची बादली ठेवलेली असते आणि पाणी आले की तीच तिला उचलावी लागते. कोळी जाळी कोठे लावतात, पुरात कोणते झाड आडवे झाले, नवा पूल बांधताना सळ्या पात्रात पडल्या आहेत काय, हेही गावातच कळते.

वरून पाहताना प्रवाहाची भाषा ओळखावयास शिकावे. दोन खडकांमधून पाणी जाताना गुळगुळीत जिभेसारखा जो आकार बनतो, त्याचे टोक खालच्या दिशेला असेल तर ती बहुधा नावेची वाट होय. टोक आपल्याकडे, म्हणजे वरच्या दिशेला, असेल तर त्या टोकाशी बुडालेला खडक आहे असे समजावे. मोठ्या खडकाच्या पाठीमागे पाणी उलटे फिरून संथ होते. नावाडी त्याला एडी म्हणतात, आणि वेगवान नदीवरील विसाव्याच्या जागा त्याच. एका एडीतून दुसऱ्या एडीत, असा मुक्कामामुक्कामाने खळाळ उतरावा. पुढची एडी जेथून दिसत नाही, किंवा नदी एका आडव्या रेषेवर अकस्मात संपल्यासारखी भासते आणि पलीकडे झाडांचे फक्त शेंडे दिसतात, तेथे नाव काठाला लावून पायी पुढे जाऊन पाहावे. यात आळस करू नये.

पात्रात आडवे पडलेले झाड हे नवख्याला निरुपद्रवी वाटते, किंबहुना ते धरून थांबावे असा मोह होतो. वास्तविक फांद्यांमधून पाणी निघून जाते आणि माणूस मात्र त्यांना चिकटून, मागील प्रवाहाच्या रेट्याखाली दाबला जातो. अशा झाडापासून जितके दूर राहता येईल तितके राहावे.

पण महाराष्ट्रातील नद्यांवर सर्वांत अधिक धोका आहे तो ठेंगण्या बंधाऱ्यांचा, आणि त्याविषयी जरा विस्ताराने लिहिणे जरूर आहे. गावोगावी आढळणारे कोल्हापुरी पद्धतीचे बंधारे, पाणी वळविण्यासाठी घातलेल्या सांडभिंती, जुन्या फरश्या यांची उंची पुष्कळदा पुरुषभरही नसते. वरच्या बाजूने येणाऱ्या नावेतून तर ते दिसतच नाहीत. दिसते ती केवळ काचेसारखी सपाट, कडेपासून कडेपर्यंत सरळ गेलेली पाण्याची रेघ. त्या रेघेवरून पाणी खाली पडले की ते तळाशी जाऊन पुढे उसळते आणि पृष्ठभागावरून पुन्हा भिंतीकडेच परतते. या चक्रात सापडलेली नाव, ओंडका वा माणूस भिंतीशी ओढला जातो, बुडतो, काही अंतरावर वर येतो आणि पुन्हा ओढला जातो. नैसर्गिक खळाळातील अशा भोवऱ्याला बहुधा एखाद्या बाजूने सुटण्याची वाट असते. माणसाने बांधलेली भिंत मात्र एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत अखंड असल्याने तेथे तीही उरत नाही, आणि वाचवावयास गेलेलाही त्याच चक्रात सापडतो. त्यात बंधाऱ्याचे बरगे अर्धवट काढलेले असतील तर मोकळ्या गाळ्यातून पाणी इतक्या जोराने खेचले जाते की तेथे माणूस अडकला तर त्याला ओढून काढणे दहाजणांनाही साधत नाही. म्हणून नियम एकच: बंधारा कितीही लहान दिसो, त्याच्या निदान शंभर पावले अलीकडे नाव काठाला लावावी आणि ती उचलून पलीकडे न्यावी. या नियमाला अपवाद सांगणाऱ्या माणसाबरोबर सफरीस जाऊ नये.

नावेतून पाण्यात पडणे हा अपघात समजू नये. मध्यम कठीण नदीवर तो दिवसाच्या कार्यक्रमाचाच भाग आहे, आणि म्हणून निघण्यापूर्वी संथ पाण्यात प्रत्येकाने त्याची तालीम केली पाहिजे. पाण्यात पडताच उताणे व्हावे, पाय प्रवाहाच्या दिशेला पुढे करून पावले पृष्ठभागाशी ठेवावीत, गुडघे किंचित वाकवावेत, म्हणजे समोरचा खडक तळव्यांनी झेलता येतो. आणि श्वास लाटांच्या खळगीत घ्यावा, माथ्यावर नव्हे. पाय टेकताहेत असे वाटले तरी वाहत्या पाण्यात उभे राहण्याचा प्रयत्न कदापि करू नये, कारण तळाच्या दोन दगडांत पाऊल अडकले तर प्रवाह माणसाला पुढे वाकवून पाण्याखाली दाबतो; कमरेएवढ्या पाण्यातले मृत्यू अशाच रीतीने होतात. पाणी पोटरीच्याही खाली गेल्यावर, हात टेकीत, रांगत बाहेर यावे. वर सांगितलेल्या आडव्या झाडाचा प्रसंग तेवढा अपवाद: ते टाळणे अशक्यच झाले तर पालथे होऊन सर्व शक्तीनिशी त्याच्याकडे पोहावे आणि फांद्यांवर छातीपर्यंत चढावे, खालून जाऊ नये.

काठावरून फेकावयाची दोरी पिशवीत भरलेली, तरंगणारी आणि १५ ते २० मीटर लांब असावी. ती फेकण्याचा सराव नसेल तर तिचा उपयोग शून्य. दोरी पकडणाऱ्याने ती छातीशी धरून खांद्यावरून घ्यावी, मनगटाला मात्र कधीही गुंडाळू नये. आणि फेकणाऱ्यानेही ती स्वतःला बांधून घेऊ नये. शिटीचे संकेत सर्वांना पाठ असावेत: एक लांब शिटी म्हणजे लक्ष द्या, तीन शिट्या म्हणजे संकट. वल्हे उभे धरले म्हणजे या, आडवे धरले म्हणजे थांबा. पाण्याच्या आवाजात माणसाचे शब्द दहा हातांपलीकडे पोहोचत नाहीत, हे घरी बसून पटत नाही. राफ्टमध्ये बसणाऱ्यांनी ‘फॉरवर्ड’, ‘बॅक’, ‘स्टॉप’ आणि ‘गेट डाउन’ या हुकुमांची कवायत संथ पाण्यात करून घ्यावी, आणि हुकूम का दिला याचा विचार खळाळ उतरून झाल्यावर करावा.

सामानाच्या याद्या पुष्कळ ठिकाणी मिळतात. येथे दोन-तीन गोष्टींचाच निर्देश करतो. लाइफ जॅकेट घालून सर्व पट्टे आवळल्यावर सोबत्याला ते खांद्यांपाशी धरून जोराने वर ओढावयास सांगावे. ते कानांपर्यंत सरकले तर ते मापाचे नाही, मग ते कितीही नवे असो. हेल्मेट कपाळ झाकणारे असावे. पायांत नाडीचे जोडे, चपला नव्हेत. चप्पल पहिल्याच लाटेत जाते आणि उरलेला दिवस तापलेल्या गोट्यांवरून अनवाणी चालावे लागते. एक जादा वल्हे, प्रथमोपचाराची पेटी, पिण्याचे पाणी आणि पाणी न शिरणाऱ्या पिशवीत एक फोन एवढा सरंजाम पुरेसा आहे. नावेत सुटी दोरी लोळत ठेवू नये, आणि दोर कापण्यासाठी चाकू हाताशी असावा.

ज्या एका बाबीत सर्वांत विद्वान मंडळी फसतात ती म्हणजे वाहनांची तजवीज. नदी एका दिशेने वाहते, आणि गाडी वरच्या टोकाला उभी असते. सकाळी एक गाडी कामतला नेऊन ठेवावी, तिच्यात कोरडे कपडे व फराळ ठेवावा, आणि तिची किल्ली कोणाजवळ आहे हे सर्वांना ठाऊक असावे. खालच्या गाडीची किल्ली वरच्या गाडीतील विजारीच्या खिशात राहण्याचा प्रघात आपल्याकडे फार जुना आहे. मुंबईहून कोलाड सुमारे १२० किलोमीटरवर असले तरी मुंबई-गोवा महामार्गाच्या कामांचा भरवसा धरता येत नाही, म्हणून पहाटे निघून सकाळचे पाणी गाठण्याचा बेत आखू नये. रेल्वेने जाणाऱ्यांनी रोह्यानंतरचे कोकण रेल्वेचे पहिलेच स्थानक कोलाड आहे हे ध्यानात घ्यावे. पुण्याकडील मंडळींना ताम्हिणी घाटाची वाट सोयीची, पावसाळ्यात दरडींचा अंदाज घेऊन. घरी एका जबाबदार माणसाजवळ कागद ठेवावा: कोण कोण गेले, कोठून उतरणार, कोठे निघणार, किती वाजेपर्यंत खबर न आल्यास १०८ व ११२ या क्रमांकांवर कोणी कळवावयाचे. दरीत फोन लागेलच असे नाही.

स्वतःजवळ नाव नसेल आणि एखाद्या व्यावसायिक पथकाकडून राफ्ट व वाटाड्या घ्यावयाचा असेल, तर दरापेक्षा चौकशीकडे अधिक लक्ष पुरवावे. शासनाने २०२१ साली साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर करून अशा व्यवसायांची नोंदणी सुरू केली आहे. नोंदणीचा दाखला पाहावयास मागण्यात संकोच कसला? वाटाड्याने या नदीवर किती हंगाम काढले, प्रथमोपचाराचे व बचावाचे शिक्षण कोठे घेतले, राफ्टबरोबर बचावाची कयाक असते काय, हे विचारावे. माझ्या मते निर्णायक प्रश्न निराळाच आहे: “पाणी बरोबर नसेल तर तुम्ही सफर रद्द करता काय, आणि मग आमच्या पैशांचे काय होते?” या प्रश्नावर जो माणूस अडखळतो, किंवा ‘काळजीच करू नका, काही होत नाही’ असे हसून सांगतो, त्याच्याकडे जाऊ नये. जो रद्द केल्याचे प्रसंग सांगू लागतो त्याच्याकडे दोन पैसे जास्त देऊन जावे.

रद्द करण्याची तजवीज स्वतःच्या बेतातही असावी. एखादा राखीव दिवस, पाणी न सुटल्यास जवळपास पाहावयाचे दुसरे स्थळ, आणि मंडळींना आधीच दिलेली स्पष्ट कल्पना, एवढे असले म्हणजे काठावर उभे राहून ‘इतके लांब आलो आहोत तर’ या वाक्याला कोणी बळी पडत नाही. नदीवरील पुष्कळ दुर्घटनांच्या मुळाशी हेच वाक्य असते. शनिवारी न मिळालेले पाणी पुढच्या शनिवारी मिळते.

शेवटी एक सूचना. कुंडलिकेचे मोठे खळाळ वरच्या भागातच संपतात आणि कामतच्या दिशेने पात्र रुंद व संथ होत जाते. येथे पोहोचले की मंडळी हेल्मेट काढतात, जॅकेटचे पट्टे सैल करतात आणि पोहावयास उड्या मारतात. थकलेले हातपाय, भरलेले पोट आणि डोहाची न कळणारी खोली यांचा संयोग येथेच होतो. तेव्हा वाचकांना विनंती एवढीच की, नाव काठावर ओढून होईपर्यंत आणि सर्व डोकी एकदा मोजून होईपर्यंत लाइफ जॅकेटचा पट्टा कोणीही सोडू नये.